बाबांचा जप्त झालेला फोन

पाण्याचा टँकर कधी येणार हे सगळ्यांना वेळेवर कळावं, एवढ्यासाठी बाबांनी तो ग्रुप काढला होता. आमची वसाहत शेंद्र्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला ज्वारीची शेतं होती. पुढं शेंद्र्याला कारखाने आले, रस्ता रुंद झाला, शेतांची लेआउटं पडली आणि बघता बघता घराला घर लागलं. नळाची लाईन मात्र आली नव्हती. सगळी वसाहत बोअरवर चालायची. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला आणि बोअर एकेक करून कोरडे पडले. पैठणच्या धरणात मृतसाठा उरलाय अशा बातम्या रोज यायच्या. आमच्याकडे टँकर यायचा, पण कधी पहाटे, कधी भर दुपारी. जो घरात नसेल त्याचं पिंप रिकामं राहायचं.

बाबा कोर्टात कारकून होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर तारखा, अर्ज आणि नकला हाताळलेला माणूस. त्यांनी ग्रुपचेही नियम केले होते. सुप्रभात पाठवायचं नाही, देवांचे फोटो पाठवायचे नाहीत, राजकारण नाही. फक्त पाणी. कुणी नियम मोडला की बाबा त्याच्या घरी जाऊन सांगून यायचे. ग्रुपवर लिहून चारचौघांत त्याचा अपमान करायचे नाहीत.

मी तेव्हा पुण्याला नोकरीला होते. बाबांचा मला रोज मेसेज यायचा, आणि तो मेसेज म्हणजे पत्रच असायचं. आज टँकर कधी आला, आईनं काय केलं होतं, कोपऱ्यावरच्या लिंबाची पानं कशी करपलीत, शेजाऱ्यांच्या नातवानं काय विचारलं. बोलायला ते तसे घुमे, पण लिहायला बसले की मोकळे व्हायचे. मनात आलेलं, न चाळता, जसंच्या तसं लिहायचे. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवताना मी ते वाचायचे आणि तेवढा वेळ मला घरी बसून जेवल्यासारखं वाटायचं.

या मेसेजांमध्ये काकांचं नाव वारंवार असायचं. काका म्हणजे आमच्या समोरच्या घरातले. लासूर स्टेशनजवळच्या गावचे, शेतकरी घरातले. भावांकडं शेती सोपवून कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथंच निवृत्त झाले. बाबा त्यांना दादा म्हणायचे आणि ते बाबांना भाऊ. दोघांचे स्वभाव अगदी दोन टोकांचे, पण संध्याकाळी फाटकाशी उभं राहून तासभर बोलल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. आदल्या उन्हाळ्यात काकू अचानक गेल्या. मुलगी नांदेडला दिलेली, दुसरं कुणी नाही. पहिले काही दिवस आईनं त्यांना जेवायला बोलावलं. मग ते दिवस संपले तरी बोलावणं संपलं नाही. आईच म्हणाली, "एकट्यासाठी काय चूल पेटवता? आमच्याबरोबर दोन घास खा." आणि काका रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवू लागले.

मे महिन्यातल्या एका दुपारी काकांनी ग्रुपवर एक फोटो टाकला. पाण्याच्या हौदात मेलेलं कुत्रं तरंगतंय. खाली लिहिलेलं, की आपल्या भागात याच हौदातून टँकर भरले जातात, लोकांना कावीळ होतेय, हे पाणी पिऊ नका. काकांना तो त्यांच्या पुतण्याकडून आला होता, पुतण्याला आणखी कुणाकडून. फोटो कुठला होता हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. लोकांसाठी आपला जीव तळमळतोय एवढंच काकांना माहीत. त्यांनी तो पुढं ढकलला.

बाबा दुपारी झोपले होते. उठून पाहतात तर ग्रुपवर गोंधळ. काहींनी पाणी ओतून दिलं होतं, कुणी टँकरवाल्याला फोन करून शिव्या दिल्या होत्या. बाबा चप्पल घालून समोर गेले.

"दादा, हे तुम्ही पाहिलंय का डोळ्यांनी?"

"नाय बा. पुतण्यानं धाडलं."

"मग काढून टाका."

काकांना ते कसं काढायचं तेही येत नव्हतं. बाबांनी काढून दिलं. पण तोवर ते आमच्या वसाहतीबाहेर, आणखी कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेलं होतं. टँकरच्या ठेकेदारानं पोलिसांत तक्रार दिली. अफवा पसरवल्याचं कलम लागलं आणि त्याला जोडून संगणकाच्या कायद्यातलंही एक. मेसेज टाकणारा म्हणून काका, आणि ग्रुप चालवणारा म्हणून बाबा.

मी रजा काढून आले. ठाण्यात मी दोघांबरोबर गेले होते. साहेब तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी विचारलं, "अॅडमिन कोण?"

"मीच," बाबा म्हणाले. ते जरा ताठ बसले होते. मग ग्रुपचे नियम सांगू लागले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाले, "काका, तुमचं सगळं खरं असेल. पण फोन जमा करावे लागतील दोघांचे. तपासणीला प्रयोगशाळेत जातात. आमच्या हातात नाही ते."

बाबांनी फोन काढून टेबलावर ठेवला. पासवर्ड विचारला तर तोही सांगितला. पंचनामा झाला, फोन पाकिटात गेले, लाखेचं सील लागलं. बाबांनी सील नीट बसलंय का ते वाकून पाहिलं. बाहेर आल्यावर काका रडकुंडीला आले होते. "भाऊ, माझ्यापायी तुमाला हितं यावं लागलं. जलमात कधी पायरी चढलो न्हवतो."

"अहो, तपासाला फोन दिलाय, लपवण्यासारखं काय आहे त्यात?" बाबा म्हणाले. "कायद्यानं जे होईल ते होईल. चला, जेवायची वेळ झाली."

त्या संध्याकाळी आम्ही चौघं जेवलो. आईनं पिठलं केलं होतं. काका घास नुसता चिवडत होते, मग बाबांनीच त्यांना कारखान्यातली कुठलीशी जुनी गोष्ट सांगायला लावली. आम्ही ती कितीदा ऐकली होती. तरी हसलो.

दोषारोपपत्र दाखल व्हायला बरेच महिने गेले. मधल्या काळात थोडाफार पाऊस झाला, बोअरला थोडं पाणी लागलं, दोघांनी नवे फोन घेतले. कोर्टात पहिल्या तारखेला दोघांना कागदांची एकेक प्रत मिळाली. चांगला जाडजूड गठ्ठा. आरोपीला त्याच्याविरुद्धचे सगळे कागद मिळालेच पाहिजेत, असा नियम आहे. बाबांना तो तोंडपाठ होता. आयुष्यभर त्यांनी अशा नकला करून दिल्या होत्या.

मी त्या तारखेसाठी आले होते. घरी आल्यावर बाबा चष्मा लावून गठ्ठा घेऊन बसले. पहिल्या पानापासून, एक पान न गाळता. चहा झाला, आई भाजी निवडत होती. एकाएकी बाबांचा हात थांबला. मी पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी पानं माझ्यापुढं सरकवली.

ते माझे आणि बाबांचे मेसेज होते. कुत्र्याच्या फोटोशी त्यांचा काही संबंध नव्हता. कुणीतरी फोनमधून 'टँकर' आणि 'पाणी' हे शब्द असलेलं सगळं काढलं होतं आणि सरसकट छापून जोडलं होतं. आईच्या गुडघ्यांचं होतं, माझ्या लग्नाच्या बोलण्यांचं होतं. आणि त्यात त्या मे महिन्याच्या सुरुवातीचा एक मेसेज होता. मला तो आठवतही नव्हता.

बाबांनी लिहिलं होतं: "आज टँकर आलाच नाही. समोरचे दादा नेहमीप्रमाणे जेवायला. आता हे रोजचंच झालंय. तेच ते किस्से. पाण्याची एवढी मारामार, आणि जेवण झाल्यावर हे तांब्यावर तांब्या घेऊन चुळा भरत बसतात. तुझी आई दमते, पण बोलत नाही. माणूस सोन्यासारखा, पण ओझं झालंय खरं. सांगवत नाही."

मी पान खाली ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. तसाच गठ्ठा समोरच्या घरातही होता.

बाबा उठले. मीही त्यांच्यामागून गेले. काका ओट्यावर बसले होते, गठ्ठा शेजारी पडलेला.

"वाचलं का?" बाबांनी विचारलं.

"नाय अजून. बारीक अक्षरं हायेत लई. वाचीन निवांत."

आता बाबा सांगतील, असं मला वाटलं. दादा, रागाच्या भरात एकदा मी असं लिहून गेलो. पुढं येऊन सांगितलं असतं तर काका खो खो हसले असते, याची मला आजही खात्री आहे. पण बाबांनी गठ्ठ्याची सुटलेली पानं सारखी केली. मग म्हणाले, "काही नसतं हो त्यात. पोलिसी कागद. उगाच डोळे कशाला शिणवता? वकील वाचतील."

"व्हय," काका म्हणाले. "चला मंग, वहिनी वाट बघत असतीन."

त्या संध्याकाळी ते जेवले. आम्ही दोघं बापलेक त्यांच्याकडे पाहायचं टाळत होतो.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. आईनं हाक मारली तर आतून आवाज आला, "आज उपास हाये वहिनी." तिसऱ्या दिवशी म्हणाले, पोटात बरं नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या फाटकाशी एका डबेवालीची स्कूटी थांबली. आईला तोवर आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिनं मला विचारलं, "काय झालं ग? माझं काही चुकलं का?" मग मी ती पानं तिला वाचून दाखवली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकलं आणि बाबांकडे न पाहता म्हणाली, "मी दमत नव्हते हो."

ती स्वतः समोर गेली. पुरणपोळ्या घेऊन गेली होती. काकांनी डबा घेतला, बसा म्हणाले, पाणी विचारलं. रागाचा एक शब्द नाही. "वहिनी, तुमी माझ्यासाठी लई केलं. आता डबा लावलाय, चांगला ऱ्हातो." आई म्हणाली, "भाऊजी, माणूस लिहून जातो काहीबाही. मनात नसतं." त्यावर काका म्हणाले, "मनात नसतं तर लिवलं कसं असतं, वहिनी? पर खोटं कुठं लिवलंय. खरंच हाये ते."

आता दोघांना कोर्टात मात्र एकत्र जावं लागे. एकच गुन्हा, एकच वकील, एकच बाकडं. पहिल्या तारखेला आईनं दोघांचा मिळून डबा दिला होता. एका तारखेला पुकारा होईना, दुपार टळली. बाबांनी डबा उघडला आणि काकांपुढं केला.

"दादा, दोन घास खा."

"नको भाऊ," काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मंग चूळ भराया पाणी लागंल."

बाबांनी डबा झाकून ठेवला. त्या दिवशी तेही जेवले नाहीत. हे मला वकिलांनी नंतर सांगितलं.

मग बाबांनी त्यांना ठाऊक असलेला एकच मार्ग धरला. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. माझे माझ्या मुलीशी झालेले खाजगी संदेश तपासाच्या कागदांत का जोडले, कुणाच्या सांगण्यावरून जोडले, त्याच्या किती प्रती निघाल्या, कुणाकुणाला दिल्या. सुंदर अक्षरात लिहिलेला अर्ज. मी म्हटलं, "बाबा, हे कळून आता काय होणार?" ते म्हणाले, "होणार काही नाही. पण कुणीतरी बसून, बघून ते पान त्यात घातलं असेल ना? की मशीननं काढलं आणि कुणी पाहिलंही नाही? मला एवढंच हवंय. माणसानं केलं की मशीननं."

उत्तर आलं, की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, माहिती देता येत नाही. बाबांनी अपील केलं. अपिलात सांगितलं गेलं, की मागितलेली माहिती व्यक्तिगत स्वरूपाची असून त्यात त्रयस्थ पक्षाचा संबंध येतो. बाबांनी ते पत्र जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं आणि हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "माझ्या मुलीला मी लिहिलेलं, आणि त्यात मी कोण? त्रयस्थ." त्यांनी पुढं दुसरं अपील केलं नाही. कायदा कुणाच्या बाजूचा नसतो, असं ते मला लहानपणी सांगायचे. त्यानंतर मी ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

शेवटी वकिलांनी खंडपीठात अर्ज केला आणि दोघांवरचाही गुन्हा रद्द झाला. वकिलांनी पेढे आणले. काकांनी एक पेढा घेतला, बाबांच्या हातात दिला, "सुटलो भाऊ" म्हणाले आणि रिक्षा करून वेगळे निघून गेले. काही दिवसांनी फोन परत मिळाले. बाबांच्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलं होतं. त्यांनी तो चालू होतो का तेही पाहिलं नाही.

मला बाबांचे मेसेज येणं तेव्हापासून थांबलं. म्हणजे येतात, पण "ठीक", "पोचलो", "आईला बरं आहे". एकदा मी रागावून म्हटलं, "बाबा, आता कोण वाचतंय? लिहा ना पूर्वीसारखं." ते म्हणाले, "लिहायला बसलो की मागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं." त्या वर्षांतले बाबा, लिंबाच्या पानांकडे पाहणारे, शेजारच्या नातवाचे प्रश्न जपून ठेवणारे बाबा मला फक्त त्या मेसेजांतून माहीत होते. प्रत्यक्षात ते मला तसे कधी भेटले नव्हते. आणि आता भेटण्याची दुसरी वाट नव्हती.

मग आमच्या वसाहतीत नळाची लाईन आली. प्लॉटचे भाव चढले, जुन्या घरांच्या जागी इमारती उठू लागल्या. काकांनी घर विकलं. हे आम्हाला ट्रक दारात उभा राहिल्यावर समजलं. ते निरोप घ्यायला आले, आईच्या पाया पडायला वाकले तेव्हा आई मागं सरकली आणि रडू लागली. बाबांना म्हणाले, "नांदेडला कधी आला तर या." बाबा म्हणाले, "येईन." दोघांनी हात हातात घेतले. त्यापलीकडे काही झालं नाही.

बाबा नांदेडला गेले ते थेट काका वारल्यावर. काकांच्या मुलीचा फोन आला होता. मी पुण्याहून आले आणि बाबांना घेऊन तिकडे गेले. घरी माणसांची ये-जा चालू होती. मुलीनं आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला. बाबांनी कप खाली ठेवून विचारलं, "आमच्याबद्दल काही बोलायचे का दादा?"

ती म्हणाली, "वाईट कधीच नाही बोलले, काका." मग खरं सांगावं की नाही अशा आवाजात म्हणाली, "तसं चांगलंही नाही. तिथलं काहीच बोलायचे नाहीत. आम्ही विचारलं तरी विषय बदलायचे."

बाबांनी मान हलवली.

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. बाबा खिडकीशी बसले होते. परभणी मागं पडल्यावर ते आपणहून बोलू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"ते लिहिलं होतं ना मी, ते खोटं नव्हतं. त्या दिवशी मला तसंच वाटलं होतं. पाणी नव्हतं, ऊन होतं, चिडचिड होत होती. पण असं बघ. रोज सात वाजले की मी फाटकाशी जाऊन उभा राहायचो. त्यांना थोडा उशीर झाला तर मला भूक लागायची नाही. तुझी आई ताटं वाढायची आणि मी म्हणायचो, थांब, येऊ देत. हे मी तुला कधी लिहिलं नाही. का लिहीन? ते काय लिहिण्यासारखं होतं? त्यामुळं ते कुठंच नाही. फोनमध्ये नाही, कोर्टात नाही. त्यांच्याकडे फक्त ते एक पान गेलं."

मी त्यांना सांगितलं, की आता माणसाच्या खाजगी माहितीला जपणारा नवा कायदा झालाय. त्यांनी विचारलं, "त्यात पोलिसांच्या तपासाचं काय म्हटलंय?" मी म्हटलं, "तपासाला बऱ्याच सवलती आहेत." ते म्हणाले, "असणारच. तपास करायला नको का?" आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता.

आम्ही स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. बाहेर रिक्षावाला म्हणाला, "आओ चाचा, किधर जाना?" बाबांनी वसाहतीचं नाव सांगितलं. जालना रस्त्यावर उड्डाणपुलाखाली गाड्यांची रांग लागली होती, रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकत होती. घरी आई वाट पाहत होती. तिनं विचारलं, "कसं आहे तिकडं सगळं?"

"ठीक," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेले.